मोजणाऱ्याला हाक

दिवाळी उलटली, पहाटेची थंडी अंगाला बोचायला लागली की आमच्या गच्चीतल्या दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर एक दिवस काळे कण दिसतात. बोटानं पुसायला जावं तर पसरतात. म्हणजे साखर कारखान्याचा बॉयलर पेटला, उसाची पहिली मोळी पडली, गळीत हंगाम सुरू झाला. बारामतीत राहणाऱ्या बाईला हे कळायला पेपर वाचावा लागत नाही. दोन-चार दिवसांत वाऱ्याबरोबर मळीचा आंबूस वास येतो, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं गाड्या तुंबतात, आणि शेजारच्या काकू काजळीला शिव्या देत धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला घेतात. मी शिव्या देत नाही. मी तो कण बोटावर घेऊन जरा वेळ उभी राहते, आणि मला महादेवचा हेवा वाटायला लागतो.

दरवर्षी वाटतो. थंडी आली की जुनं दुखणं वर येतं, तसा. लोकांना ऋतू बदलला की कुणीतरी प्रेमाचं माणूस आठवतं असं ऐकते. माझ्या नशिबी हे आलंय. आणि तो हेवाही धड सांगण्यासारखा नाही. दागिन्यांचा नाही, घराचा नाही, रूपाचा तर नाहीच, कारण महादेव दिसायला यथातथाच होता. एका संध्याकाळी, शेताच्या बांधावर, त्याला माझ्याआधी एक गोष्ट समजली. अर्धा श्वास आधी. तेवढंच.

आमच्या भागात हेवा ही काही लपवायची चीज नाही म्हणा. तो एकरी टनात मोजला जातो. शेजाऱ्याचा ऊस आपल्यापेक्षा हातभर उंच दिसला की माणसाला जेवण गोड लागत नाही, आणि ते तो चार माणसांत बसून सांगतोही. आमच्या कोऱ्हाळ्याला माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, माझ्या वडिलांच्या उसाकडं बघून उघड म्हणायचे, "गुरुजी दिसभर पोरास्नी शिकवतो अन् ऊस बी त्येचाच भारी. ह्यो कुठला न्याव?" वडील नुसते हसायचे. तात्या मात्र खरोखरच दुखावलेले असायचे. मी लहानपणी त्यांची थट्टा करायची. आता करत नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. महादेव आणि मी बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचे जगताप सर हौशी माणूस. इंदापूरच्या अंगाला असलेल्या एका कारखान्याचं काम त्यांनी प्रोजेक्ट म्हणून आमच्या गळ्यात घातलं. तिथं उसाच्या गाड्यांचे तीन वजनकाटे होते. तिन्हींचे आकडे एकाच कॉम्प्युटरनं आपोआप घ्यायचे, असं ते काम. कारखान्यानं त्यासाठी नवं मशीन घेतलं, तेही दोन प्रोसेसरचं. ट्रॅक्टरला दोन इंजिनं असावीत तसं काहीतरी विकणाऱ्यानं सांगितलं असणार. कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्याकडं होती ती सगळी एका प्रोसेसरची, जुनी, पंखा घरघरणारी.

सरांनी त्या मशीनवर फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम घातली. तिचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, उघडून वाचता येत होता आणि त्यात आपली भर घालता येत होती. आजच्या पोरांना यात काही वाटणार नाही. आम्हाला मात्र सरकारी तिजोरीची किल्ली हातात दिल्यासारखं झालं होतं. काट्यांशी बोलणारा गाभ्यातला तुकडा आम्ही दोघांनी लिहायचा होता. खरं म्हणजे मी लिहायचा आणि महादेवनं बघत बसायचं, असंच पुढं झालं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझा जळफळाट कुणाला कळायचा नाही. गाडी काट्यावर चढली, आकडा स्थिर झाला, की काटा कॉम्प्युटरला हाक मारतो. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की प्रोसेसरनं हातातलं काम आहे तिथं टाकून ओ द्यायची, हाकेचं काम पुरं करायचं, आणि मगच टाकलेल्या कामाकडं परतायचं. हाकेचं काम अर्ध्यावर सोडून मागं फिरता येत नाही. घरात पाहुणा आला की आई चुलीवरची भाकरी टाकून बाहेर जाते, आणि पाहुणा उठेपर्यंत आत येऊ शकत नाही, तसं. भाकरीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

दुसरी गोष्ट कुलपाची. काट्यांचे आकडे एका जागी साठायचे. तिथं एकाच वेळी दोघांनी हात घातला की आकडे बिघडणार. म्हणून जो हात घालेल त्यानं आधी कुलपाची चावी घ्यायची, काम झाल्यावर परत ठेवायची. चावी नसेल तर ती मिळेपर्यंत तिथंच उभं राहायचं, हलायचं नाही. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या भावकीची विहीर सामाईक होती. चार घरं, एक मोटर, आणि मोटरीच्या पेटीला एक कुलूप. ज्याची पाळी त्याच्याकडं चावी. दुसरा आला तर त्यानं विहिरीवर थांबायचं. चावी हातात पडल्याशिवाय घरी जायचं नाही, कारण गेला की त्याची पाळी तिसरा मारतो. तात्यांना मी थंडीत कुडकुडत, कानटोपी घालून, चावीची वाट बघत उभं राहिलेलं पाहिलंय. चावी ज्यांच्याकडं ते वडीलच असायचे, हा भाग वेगळा.

त्यामुळं मी कुलपं घातली ती झोकात. जिथं जिथं आकड्यांना हात लागत होता तिथं तिथं आधी चावी, मग काम, मग चावी परत. एक जागा सुटली नव्हती. सर म्हणाले, सुजाता, तुझं लिखाण बघून डोळे निवतात. महादेव शेजारी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते मी तिरप्या नजरेनं बघितलं. काही दिसलं नाही. त्याचंही मला वाईटच वाटलं.

लॅबमध्ये सगळं सुरळीत चाललं. कारखान्यावर नेलं, दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी गाड्यांची रांग वाढली, तिन्ही काटे एकदम चालू झाले, आणि मशीन थिजलं. पडदा तसाच, आकडा तसाच, कीबोर्डवर डोकं आपटलं तरी ढिम्म नाही. तिथले काट्याचे क्लार्क पोपटराव यांनी खिडकीतून डोकं काढून शांतपणे सांगितलं, "बाई, बसलं." बैल जुवाखाली बसतो तेव्हा म्हणतात तसं. पुढं तो शब्द मी इतक्यांदा ऐकला की आजही कुणी बस-स्टँडवर "बसलं का?" म्हणालं की मी दचकून मागं बघते.

बसलेलं मशीन उठवायला बंद करून पुन्हा चालू करावं लागायचं, आणि तोवर काटे हातानं. बाहेर टायरगाड्यांचे बैल फुरफुरायचे, ट्रॅक्टरवाले आमच्याकडं बघून बिड्या पेटवायचे. ऊस उन्हात वाळला की वजनाला उतरतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. गाडीवाले तोंडावर काही बोलत नसत, पण कॉलेजची पोरगी हा शब्द ते ज्या सुरात उच्चारायचे तो माझ्या लक्षात आहे.

कारणं शोधायला मग सगळे सरसावले. पोपटरावांच्या मते व्होल्टेज. वायरमनच्या मते काजळी आत गेली. एकदा बॉयलरचा भोंगा आणि बसणं एकाच वेळी झालं, तर भोंग्यावर खापर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. मी त्यातली नव्हते. मी शास्त्रशुद्ध चालले होते. गाभ्यात जागोजागी छापायच्या ओळी घातल्या, म्हणजे बसण्याआधी शेवटचं काय चाललं होतं ते कळेल. तर त्या ओळी घातल्या की मशीन बसायचंच नाही. काढल्या की बसायचं. पाहुणा दारात आला की भांडण थांबतं आणि गेला की पुन्हा भांडी आदळतात, अशी काही घरं असतात ना, तसला तो दोष होता. बारामतीच्या लॅबमध्ये तर तो कधी उगवलाच नाही. मी एस.टी.नं येरझाऱ्या घालायची, मांडीवर कागदांची भेंडोळी, नखं कुरतडलेली. मी झोपेतही चाव्या मोजत होते.

आणि महादेव? महादेव ऊस खात होता. हे मी रागानं सांगत नाहीये, खरंच सांगतेय. रिकाम्या ट्रॉलीच्या दांडीवर बसून तो कांड्या सोलायचा आणि काट्यावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्या बघत राहायचा. टायपिंग दोन बोटांनी. इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं. वर्गात पहिल्या बाकावर मी, तो खिडकीपाशी. पण कधीतरी फळ्यावरचं गणित अडलं की सर त्याच्याकडं बघायचे, माझ्याकडं नाही. तो आळस देत एखादं वाक्य बोलायचा आणि गणित सुटायचं. मी पानंच्या पानं लिहून जिथं पोचायची तिथं तो आधीच बसलेला असायचा, चोथा थुंकत. कष्टाळू माणसाला कष्टाळू माणसाचा हेवा वाटत नाही. त्याला गाठता येतं. ज्याला न मागता मिळतं त्याचं काय करायचं? मला त्याच्या झोपेचासुद्धा हेवा वाटायचा. एस.टी.त टेकला की घोरायचा.

त्यातच सरांनी सांगितलं की पुण्यात त्यांचा एक वर्गमित्र नेमकं हेच काम करणारी कंपनी चालवतो. नेहमीचं पगारपत्रकाचं काम नव्हे, गाभ्यातलं. त्याला एक माणूस हवा होता. एकच. हा दोष जो कुणी मुळापासून शोधेल त्याचं नाव मी कळवणार, असं सर म्हणाले. कारखान्यानंही बजावलं होतं की हंगामाच्या मध्यापर्यंत बसणं थांबलं नाही तर हे सगळं उचलून न्या. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते शब्दांत सांगता येत नाही. घरून विचारणा सुरू झाली होती, फलटणच्या एका स्थळाची बोलणी चालली होती, आणि मला त्या गाभ्यात आयुष्य काढायचं होतं. महादेवला विचारलं तर म्हणाला, पुणं बरं आहे, पण जेवणाचं बघावं लागेल.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. परवाच लॅबमध्ये एका मुलाला दाखवत होते. आता त्या गाभ्यातच एक पहारेकरी बसवलेला असतो. कुलूप घालायला चुकलात की तो तिथल्या तिथं ओरडतो, ओळीच्या नंबरासकट. मुलगा म्हणाला, मॅडम, किती सोपं आहे. मी म्हटलं, हो रे बाबा. मला त्या मुलाचाही हेवा वाटला. मला काय, सवयच झालीय.

महादेवचं गाव इंदापूर तालुक्यात, आणि त्यांची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तोवर बरीच विकून त्याच्या वडिलांनी, आबांनी, थोडी शेती धरली होती, पण एक कळप राखलेला होता. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवतात. खत होतं, आणि मेंढरांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतात. त्या आठवड्यात आबांची मेंढरं योगायोगानं कारखान्यालगतच्याच एका रानात बसली होती. दिवस कलला की महादेव तिकडं जायचा. मी इकडं कागदांत डोकं खुपसलेली, आणि हा मेंढरांत. माझ्या कपाळावरची शीर तडतडायची.

त्या संध्याकाळी पुन्हा बसलं. तिन्ही काट्यांवर गाड्या, मागं पार फाट्यापर्यंत रांग, आणि पोपटरावांचं डोकं खिडकीतून बाहेर. मी पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली आणि बांधाबांधानं निघाले. पायाखाली पाचट, वर लालसर धूळ, वाऱ्यावर लोकरीचा वास. रानात जाळीचं कुंपण उभं केलेलं होतं. आबांनी जाळीचं एक टोक उचलून धरलेलं, आणि त्या फटीतून एकेक मेंढरू आत जात होतं. महादेव फटीपाशी उभा. ओठ हलताहेत, बोटं मांडीवर. मला बाकी काही दिसत नव्हतं. मला फक्त तो दिसत होता, निवांत.

मी लांबूनच ओरडले, "महादेव, मशीन बसलं!"

त्यानं मान वळवली. तेवढ्यात दहा-पंधरा मेंढरं रेटारेटी करत आत घुसली. आबांनी जाळी खाली सोडली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. लहान पोराला सांगावं तसं म्हणाले, "पोरी, मोजणाऱ्याला हाक मारत न्हाईत. आता समदी भायेर काढायची अन् परत लाभापास्नं मोजायची."

मी म्हटलं, तिकडं गाड्या थांबल्यात. आबा म्हणाले, "थांबूद्या की. आमच्यात आधी हाक बंद करत्यात, मंग मोजाय लागत्यात. घराला आग लागली तरी मोजणाऱ्याला मोजून झाल्याव सांगायचं."

मेंढरं बाहेर काढली. पुन्हा लाभ, दोन, तीन. पहिल्याला एक न म्हणता लाभ म्हणायचं, आमच्याकडं धान्य मापताना म्हणतात तसंच. मला तिथं तोंड बंद करून उभं राहावं लागलं. मागं कारखान्याच्या बाजूनं ट्रॅक्टरांचे हॉर्न येत होते, आणि मी पाचट तुडवत उभी. मोजणी संपली. आबांनी जाळी बांधली. महादेव वळला, पण माझ्याकडं न बघता माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत राहिला. ती नजर मला माहीत होती. फळ्याकडं बघतानाची.

म्हणाला, "सुजे, तो मोजतोय. मोजताना त्याला हाक आली. हाकेला गेला तोही तोच. आणि तिथं जाऊन म्हणतोय, आधी ती मोजणी संपू दे, मग मी तुझं काम करतो. मोजणी कोण संपवणार?"

त्याच्या तोंडातलं वाक्य संपायच्या आत मला सगळं दिसलं. प्रोसेसर चावी घेऊन आकडे वाचतोय. मध्येच काट्याची हाक येते. तोच प्रोसेसर काम टाकून हाकेला जातो. तिथं मी, माझ्याच हातानं, पहिलं काम लिहून ठेवलंय: चावी घे. चावी त्याच्याच खिशात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो स्वतःचीच वाट बघत उभा, युगानुयुगं. दुसरा प्रोसेसर येतो, तोही त्याच चावीसाठी रांगेत उभा राहतो. सगळं थिजतं. आणि लॅबमध्ये बसत नव्हतं, कारण एकाच प्रोसेसरच्या मशीनसाठी गाभा बांधताना ती कुलपं गाळलीच जातात. तिथं माझी चावी नुसती कागदावर होती. जेवढ्या काळजीनं मी कुलपं घातली होती तेवढ्याच काळजीनं मी सापळा लावला होता. विहिरीवर हे कधी घडलं नसतं, कारण तात्या चावी खिशात असताना चावी मागत उभे राहत नव्हते. माणूस खिसा चाचपतो. मशीनला ते सुचत नाही.

आधी हाक बंद, मग चावी. परत देताना आधी चावी, मग हाक सुरू. तशी सोय गाभ्यात होतीच, मी ती वाचलीही होती. सुजाताबाईंनी वाचलेलं नाही असं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच त्या ओळी बदलल्या, कारण महादेव दोन बोटांनी टाइप करणार कधी. मशीन चाललं. हंगाम संपेपर्यंत एकदाही बसलं नाही. पोपटरावांनी मला पेढा दिला, कारण कॉम्प्युटरसमोर बसलेली त्यांना मीच दिसत होते.

मी सरांना जाऊन सांगितलं की महादेवनं शोधलं. त्यात माझा मोठेपणा काही नाही. तो स्वतः सांगायला जाणार नव्हता, आणि गेला असता तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. मला ते त्याच्या तोंडून अर्धवट व्हायला नको होतं. हरायचं तर नीट हरावं. घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, हाक तू मारलीस म्हणून त्याला सुचलं. म्हंजे निम्मं तुझं न्हाय का?" मी म्हटलं, नाही. आंबा ज्याच्या दगडानं पडतो त्याचा असतो. झाडाखाली कोण बोंबलत होतं ते कुणी विचारत नाही. आई म्हणाली, तुझा स्वभाव तुझ्या तात्यावर गेलाय.

महादेव पुण्याला गेला. जेवणाचं जमलं असावं. फलटणचं स्थळ मी नाकारलं, पुढं एम.ई. केलं आणि ज्या कॉलेजात शिकले तिथंच शिकवायला लागले. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय दरवर्षी माझ्याकडं, आणि कुलपांचा धडा येतो तो नेमका हंगामात, जेव्हा वर्गाच्या खिडकीतून मळीचा वास आत येत असतो. मी फळ्यावर चौकोन काढते, बाण काढते. पोरं पेंगतात. मग मी मेंढरांची गोष्ट सांगते. एक मेंढपाळाचा मुलगा होता, असं म्हणते, त्याचं नाव घेत नाही. वर्ग जागा होतो. वर्षानुवर्षं पोरं परीक्षेत तेच लिहितात: मोजणाऱ्याला हाक मारू नये. आठ-दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेला एखादा फोनवर म्हणतो, मॅडम, मेंढरं वाचवली आज मी. मला बरं वाटतं आणि लगेच टोचतं. माझं सगळं शिकवणं त्याच्या एका वाक्यावर उभं आहे. मी जन्मभर त्याचंच वाक्य मोजून देतेय.

यंदा तो आला. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला गावाकडं आला होता. आमच्या प्राचार्यांना कुणीतरी सांगितलं की एवढा मोठा माणूस आपला माजी विद्यार्थी आहे, तर त्यांनी धरूनच आणलं. डोक्यावर केस विरळ झालेत. ते पाहून मला जे वाटलं ते इथं लिहीत नाही. बोलायला उभा राहिला, आळस देता देता सावरला, आणि पोरांना सांगायला लागला की मी इंदापूर तालुक्यातला, आमच्या घरी मेंढरं होती, इथंच शिकलो. मग माझ्याकडं हात करून म्हणाला, "तुमच्या मॅडमनी आणि मी मिळून इथल्या कारखान्यावर एक भयंकर बग शोधला होता. लॉकचा. त्यावरच मला पहिली नोकरी लागली."

मिळून. वर्गातली सगळी डोकी माझ्याकडं वळली. काही डोळे चमकले, मॅडम कधी बोलल्या नाहीत असे. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी जळले ते त्यानं, उसाची कांडी मोडून निम्मी हातावर ठेवावी तसं, सहज माझ्या हातावर ठेवलं. आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. आई असती तर म्हणाली असती, घे की.

तेवढ्यात मागच्या बाकावरची प्रणाली उठली. हुशार आहे, खिडकीपाशी बसते. म्हणाली, "सर, तुमच्या घरी मेंढरं होती म्हणजे ती गोष्ट तुमचीच का? मोजणाऱ्याला हाक मारायची न्हाय, ती?"

महादेवनं भुवया वर केल्या. माझ्याकडं बघितलं. "कुठली गोष्ट?"

मला वाटलं गंमत करतोय. नव्हता करत. त्याला मशीन आठवत होतं, पोपटराव आठवत होते, काट्याची खिडकी आठवत होती. त्याच्या मते आम्ही दोघं मशीनसमोर बसून ओळी वाचत होतो आणि सापडलं. आबा मेंढरं मोजताना कुणाला बोलू द्यायचे नाहीत हे आठवत होतं. ती संध्याकाळ आठवत नव्हती. त्याला पुढं असे शंभर दोष सापडले असतील. मला एकच, आणि तोही न सापडलेला.

मी इतकी चिडले की बाकाला धरून उभी राहिले. ज्याची राखण करण्यात माझी अर्धी हयात गेली ते हा माणूस वाटेत कुठंतरी सांडून आला होता, आणि रिकामे हात दाखवत म्हणत होता, निम्मं तुझं. म्हटलं, "न्हाय. मिळून नाही. तू शोधलंस." आवाज जरा चढलाच. प्राचार्य घड्याळाकडं बघायला लागले.

मग मी सांगायला लागले. दरवर्षी सांगते तशीच, पण यंदा नाव घेऊन. पाचट सांगितलं, आबांनी उचललेली जाळी सांगितली, मांडीवरची बोटं सांगितली. मी मारलेली हाकही सांगितली. तो तोवर पुढच्या बाकावर जाऊन पोरांमध्ये अंग चोरून बसला होता. हळूहळू पुढं सरकला. हनुवटी तळहातावर, तोंड किंचित उघडं. पोरांनी ही गोष्ट ऐकलेली होती, ती त्याच्याकडंच बघत होती. आबा म्हणाले, आधी हाक बंद, मग मोजणी, इथपर्यंत मी आले आणि त्याचे डोळे भरून आल्यासारखे झाले. वडील जाऊन त्याला बरीच वर्षं झाली होती.

त्याच्या नोकरीचा, डोक्याचा, झोपेचा हेवा करून झाला होता. मी समजत होते की आता काही उरलं नाही. पण त्याच्याकडं बघता बघता तो हेवा पुन्हा पेटला. ही गोष्ट मला पाठ झालीय, तिच्यातला एकही शब्द मला नवा राहिलेला नाही, आणि तो ती पहिल्यांदा ऐकत होता.

मी दम घ्यायला थांबले.

"मग?" महादेव म्हणाला.